दारातलं दुखणं

डॉक्टरांचं एक मत होतं आणि ते वैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकात छापलेलं नव्हतं. माणूस खुर्चीत बसून जे सांगतो ते दुखणं तो घरून ठरवून आणतो. खरं दुखणं तो चपला घालताना सांगतो.

हे मत त्यांना दवाखान्यानेच शिकवलं. भाड्याच्या दोन खोल्या, मधे हिरवा पडदा. बाहेर भिंतीला लागून लाकडी बाकं आणि कोपऱ्यात कंपाउंडरची खिडकी. आत टेबल, दोन खुर्च्या आणि तपासायचा उंच पलंग. आतल्या खोलीच्या दाराशी एक पायरी होती. चपला त्या पायरीखाली काढायच्या, हा नियम डॉक्टरांच्या बायकोचा, कारण फरशी पुसायला ठेवलेलं माणूस तिच्याकडे टिकत नसे आणि शेवटी फडकं तिच्याच हातात यायचं. पेशंट निघाला की डॉक्टर उठून त्याच्याबरोबर पायरीपर्यंत यायचे, चौकटीला खांदा टेकवायचे आणि तो वाकून दुसऱ्यांच्या चपलांतून आपली चप्पल शोधायला लागला की सहज विचारायचे, "आणि काय?"

बस्स, एवढंच. सर्दीसाठी आलेला सुतार एक पाय चपलेत घालून म्हणायचा, "बाकी काही नाही हो, जिना चढलो की डावा हात जरा जड होतो." मुलाचा खोकला दाखवायला आलेली बाई पट्टा लावता लावता म्हणायची, "मला झोपेची एखादी गोळी द्याल का? याचे बाबा हल्ली घरी येत नाहीत." आवाज असा, की भाजीचा भाव सांगतेय. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं नसलं की माणसाची जीभ सुटते. चपलेकडे बघत तो काय वाट्टेल ते बोलू शकतो.

डॉक्टर मग एकच हुकूम सोडायचे. "काढ ती चप्पल. चल आत."

"गेला पुन्हा आत!" कंपाउंडर खिडकीतून ओरडायचा. "बाकीच्यांनी घरी जाऊन जेवून या!" बाकावरची माणसं हसायची, करवादायची, पण उठून कोणी जायचं नाही. आज ना उद्या त्यांनाही चप्पल घालायचीच होती. साऱ्या वस्तीत त्यांना 'आणिकाय डॉक्टर' हेच नाव पडलं होतं. तेही मूळ बायकोनेच ठेवलेलं. "जगाला विचारता आणि काय, आणि काय. मला कधी विचारलंत?" असं ती फरशी पुसता पुसता म्हणायची. डॉक्टर टेबलावरून उत्तर द्यायचे, "तुला विचारायची सोय कुठाय? तू न विचारताच सांगतेस."

आता अशा माणसाने म्हातारपणी स्वतःचं दुखणं लपवावं, आणि तेही पोटच्या डॉक्टर मुलीपासून, याला काय म्हणायचं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, म्हणतात ते काही खोटं नाही.

झालं असं, की बायको गेली आणि डॉक्टरांना घर खायला उठायला लागलं. दवाखाना त्याआधीच आचके देत होता. काळच तसा आला होता. लोकांनी आपल्या शरीराच्या वाटण्या करून टाकल्या होत्या. कान एकाकडे, गुडघा दुसऱ्याकडे, पोट तिसऱ्याकडे, आणि ज्याच्याकडे अख्खा माणूस घेऊन जायचा तो घरचा डॉक्टर औषधालाही उरला नव्हता. डॉक्टरांकडे येत होते ते त्यांच्याइतकेच म्हातारे पेशंट, आणि ते येत तेही औषधापेक्षा गप्पांसाठी. कंपाउंडर हात थरथरायला लागल्यावर मुलाकडे निघून गेला. एक दिवस डॉक्टरांनी हिरवा पडदा काढला, त्याची घडी घातली आणि कुलूप लावलं. त्या खोल्यांमध्ये आता मोबाईलची कव्हरं मिळतात. डॉक्टर त्या रस्त्याने जायचंच टाळतात. म्हणतात, खड्डे फार आहेत. खड्डे सगळ्याच रस्त्यांना आहेत.

मग परदेशातल्या लेकीने तिकीट पाठवलं. "थोडे दिवस या बाबा. आवडलं तर राहा, नाही आवडलं तर परतीचं तिकीट आहेच." ती तिकडे त्यांचंच काम करत होती. मोठी तज्ज्ञ वगैरे नव्हे, वस्तीतली डॉक्टर. याचं डॉक्टरांना फार सुख होतं, पण ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

तिचं घर छान होतं. जावई शांत, स्वयंपाकात हात चालणारा, नात शाळकरी. पाहुण्यांची खोली वरच्या मजल्यावर, तिला लागून स्वतंत्र न्हाणीघर. त्या न्हाणीघरात, आल्यावर पहिल्याच आठवड्यात, एका सकाळी डॉक्टरांना लघवीला रक्त दिसलं.

बीट खाल्लं असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. मग आठवलं, की आयुष्यभर हेच कारण सांगणाऱ्या पुरुषांना आपण किती हसलो. "बीट तू खाल्लंस, आणि घाबरला माझा जीव! उद्या लघवी तपासायला घेऊन ये." दोनचार दिवस सगळं स्वच्छ होतं. पुन्हा दिसलं. दुखत मात्र काहीच नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं. दुखून रक्त गेलं तर खडा असेल, जंतू असतील, काहीतरी साधं असेल. न दुखता गेलं तर घाई करायची, एवढं त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

त्यांनी घाई केली नाही. पाणी सोडलं, हात धुतले आणि खाली येऊन लेकीला म्हणाले, "चहा झाला का?"

का नाही सांगितलं? डॉक्टर स्वतःला वेगवेगळी कारणं देत. मुलीला कसं सांगायचं असलं काही. तिला कामाचा व्याप केवढा. परतीचं तिकीट आहे, तिकडे गेल्यावर बघू. तिकडे कोण बघणार होतं? त्यांच्या बरोबरचे सगळे एक तर निवृत्त झाले होते किंवा गेले होते. खरं कारण एकच होतं. त्यांना भीती वाटत होती. आयुष्यात कधी ते टेबलाच्या अलीकडे, पेशंटच्या बाजूला बसले नव्हते, आणि तिथे बसल्यावर काय काय ऐकून घ्यावं लागतं ते त्यांना पुरतं ठाऊक होतं, कारण ते त्यांनीच लोकांना ऐकवलं होतं.

मनाला दुसरा विषय हवा, म्हणून ते लेकीचा दवाखाना बघायला गेले.

दवाखाना कसला, परीक्षेचा हॉल. माणसं एकमेकांपासून खुर्ची सोडून बसलेली. कुणी कुणाला "काय होतंय?" विचारत नाही. ना खिडकीतून ओरडणारा कंपाउंडर, ना पडद्याआडून डोकावणारी डोकी. भिंतीवरच्या पडद्यावर नाव उमटलं की तेवढ्या माणसाने उठायचं. आणि सगळे बूट घालूनच आत! डॉक्टर दारातल्या पायपुसण्याशी थबकले आणि सवयीने बूट काढून मोकळे झाले. लेकीला हसू आवरेना.

"बाबा, घाला. इथे कोणी काढत नाही."

"डॉक्टरपुढे बूट घालून बसायचं?"

"बसायचं. दहा मिनिटं."

त्या दहा मिनिटांवरून संध्याकाळी बापलेकीची चांगलीच जुंपली. फोन करून वेळ घ्यायची, ती कधी दोन दिवसांनी मिळणार, कधी आठवड्याने. दहा मिनिटांत बोलायचं ते बोलायचं, आणि वर भिंतीवर पाटी: एका भेटीत एकच तक्रार. "माणूस काय एका वेळी एकाच ठिकाणी दुखतो?" डॉक्टरांनी विचारलं. "आणि मघाशी त्या तापाच्या बाईला तू बाटलीसुद्धा दिली नाहीस. नुसतं पाणी पी, झोप काढ, असं सांगून पाठवलंस. आमच्याकडे अशा डॉक्टरकडे दुसऱ्यांदा कोणी फिरकलं नसतं."

"तिला दुसरं काही लागतच नव्हतं. तुमच्या त्या लाल मिक्स्चरने किती लोक बरे झाले, सांगा बरं?"

"सर्दीवाले सगळेच."

"ते न घेताही झाले असते!"

"झाले असते. पण कागदाच्या पट्टीवर डोसाच्या खुणा कापून कंपाउंडर ती पट्टी बाटलीला चिकटवायचा ना, त्या खुणा बघत बघत बरे झाले. आपल्यासाठी कुणीतरी कात्री चालवली, एवढ्यावर माणूस निम्मा बरा होतो."

लेक हसली, पण हार मानणारी नव्हती, शेवटी लेक होती कुणाची? तिने आपल्या बाजूचं सगळं मांडलं. इथे गरीब-श्रीमंत सगळे त्याच खुर्चीत बसतात. हृदयाच्या डॉक्टरकडे जायचं तर आधी घरच्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. उठला आणि गेला, असं चालत नाही. ड्रेसिंग नर्स करते, औषध दुकानदार देतो, जुनं सगळं एका जागी नोंदलेलं असतं. काही भयंकर वाटलं तर आम्ही पेशंटला वाट बघायला लावत नाही, लगेच पुढे पाठवतो. हे शेवटचं ऐकताना डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते.

"चिठ्ठीचा नियम चांगला आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे असता तर माझा दवाखाना आज चालू असता."

"आणि अजून एक," लेक म्हणाली. "इथे पेशंट एकटा आत येतो. नातेवाईक बाहेर."

हे मात्र डॉक्टरांना पटेना. त्यांच्याकडे पेशंट एकटा कधी आलाच नव्हता. घरात एकाला ताप आला की सगळं घर पडदा सारून आत. जीभ सुनेने दाखवायची आणि बोलायचं सासूने. "हिला भूक नाही, हिला झोप नाही, हिला कामाची आवड नाही." डॉक्टर मान डोलवायचे, मग चिठ्ठीवर काहीतरी खरडून म्हणायचे, "आजी, जरा कंपाउंडरकडून ही बाटली तुम्ही स्वतः भरून घ्या, त्याच्यावर माझा भरवसा नाही." आजी विजयी मुद्रेने बाहेर जायच्या, आणि सून चपला घालायला पायरीवर यायची. तेवढ्यात काय बोलायचं ते बोलून व्हायचं. कंपाउंडरला आतली गोम ठाऊक असे. तो बाटली तीनतीनदा विसळत बसायचा.

"मग काय फरक पडला?" लेक म्हणाली. "तुम्ही जे लबाडीने करत होता ते आम्ही नियमाने करतो."

 डॉक्टरांना उत्तर सुचलं ते वर खोलीत गेल्यावर. चपलाच काढायच्या नाहीत, तर घालताना माणूस बोलणार काय? ते पायऱ्या उतरून सांगायला निघाले होते, पण लेक नातीचा अभ्यास घेत होती. ते तसेच मागे फिरले. ही नात बसली होती तशीच तिची आई एके काळी दवाखान्यातल्या बाकाच्या टोकाला बसून अभ्यास करायची. अभ्यास कमी आणि खेळ जास्त. बाहुल्यांची रांग लावायची, त्यांना वडिलांच्या टेबलावरचे कापसाचे बोळे बांधायची, आणि प्रत्येक बाहुलीला निरोप देताना चौकटीला खांदा टेकवून भारदस्त आवाजात विचारायची, "आणि काय?" बाकावरचे पेशंट पोट धरून हसायचे. एकदा तर एका म्हाताऱ्याने डॉक्टरांना सोडून तिलाच आपल्या मूळव्याधीची हकीकत सांगितली होती. आठवून डॉक्टर एकटेच हसले. मग न्हाणीघरात गेले, आणि हसू विरलं.

परतीची तारीख जवळ येत चालली. लेकीचं निराळंच चाललं होतं. "इथे राहणाऱ्या प्रत्येकाचा एक डॉक्टर ठरलेला असतो. तुमचंही नाव कुठेतरी घालायला हवं."

"घरात डॉक्टर आहे की."

"घरच्यांना तपासायचं नाही, असा इथे दंडक आहे."

डॉक्टर थक्क झाले. त्यांनी स्वतःच्या बायकोची बाळंतपणं सोडून बाकी सगळं पाहिलं होतं, लेकीचे कान त्यांनीच टोचले होते, सासऱ्यांचा दमा त्यांनीच सांभाळला होता. घरच्यांना नाही तपासायचं तर मग शिकायचं कशाला? पण लेक ऐकेना. जवळच्याच एका दवाखान्यात तिने त्यांची वेळ घेतली. निघताना डॉक्टरांनी मनाशी ठरवलं: सांगून टाकायचं. बाहेरची डॉक्टर आहे, ओळख ना पाळख. तिला सांगायला कसली लाज?

इथेही तशाच सुट्या सुट्या खुर्च्या, तशीच पाटी. बाहेर पाऊस होता. डॉक्टरांनी दारातच पुन्हा सवयीने बूट काढले आणि या वेळी लेकीने ते बाजूला सरकवून ठेवले. नुसत्या मोज्यांनिशी ते खुर्चीत बसले. आसपासच्या दोघांनी त्यांच्या पायांकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

पडद्यावर नाव आलं. लेकही त्यांच्याबरोबर उठली. दारात लाल चष्मा लावलेली एक तरुण डॉक्टर उभी होती. ती हसून म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबाल का? मी सगळ्यांनाच आधी एकट्याला बघते."

लेकीचं तोंड बघण्यासारखं झालं. हेच वाक्य ती रोज लोकांच्या मुलींना ऐकवत असे. ती गुपचूप खाली बसली. डॉक्टर चष्मेवालीच्या मागून आत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा टेबलाच्या अलीकडे बसले.

"बोला, काय होतंय?"

"गुडघा," डॉक्टर म्हणाले.

तोंडातून तोच शब्द निघाला. घरून ठरवून आणला होता दुसरा, पण खुर्चीत टेकल्याबरोबर गुडघा बाहेर पडला. चष्मेवालीने गुडघा नीट पाहिला, दाबून, वाकवून, अगदी मन लावून. ब्लड प्रेशर घेतलं. हात चांगला आहे मुलीचा, डॉक्टरांनी मनात नोंद घेतली. मग ती कॉम्प्युटरकडे वळली, कारण नव्या पेशंटला विचारायचे प्रश्न तिथे ओळीने होते. सिगारेट? पूर्वी ओढायचो. दारू? नाही. झोप? ठीक. भूक? ठीक. वजन? आहे तेच.

"लघवीला काही त्रास?"

प्रश्न आला होता. एवढे दिवस ज्याची वाट पाहिली तो प्रश्न सरळ समोर येऊन उभा राहिला होता. पण तो तिने पडद्याला विचारला, आणि पडद्याकडे बघतच उत्तराची वाट बघितली.

"नाही," डॉक्टर म्हणाले.

टक् करून एक बटण दाबलं गेलं. पुढचा प्रश्न झोपेत घोरण्याचा होता.

ताकाला जाऊन भांडं लपवतोयस? हे वाक्य त्यांनी स्वतःच्या टेबलावरून किती जणांना सुनावलं होतं! ऐकणारा ओशाळून हसायचा. आज त्यांना हसूही आलं नाही. वेळ संपली. चष्मेवालीने गुडघ्याचे व्यायाम समजावले, हात मिळवला. डॉक्टर उठले, दारापर्यंत गेले आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून थांबले. मागे वळून पाहिलं नाही. वळायचं नसतंच, पेशंट कधी वळत नाही. नुसतं उभं राहायचं असतं. दोनच शब्द हवे होते त्यांना. कुठल्याही भाषेत चालले असते.

"दार ओढून घ्याल ना?" मागून चष्मेवाली म्हणाली. ती पुढच्या पेशंटची माहिती वाचायला लागली होती. तिचं काही चुकलं नव्हतं. बाहेर माणसं खोळंबली होती आणि ओरडून त्यांना जेवायला घरी पाठवायला तिच्याकडे कंपाउंडर नव्हता.

डॉक्टरांनी दार ओढून घेतलं.

"झालं?" लेकीने विचारलं.

"झालं. गुडघा."

"बघा, किती सोपं होतं. चला, तुमच्या तिकिटाचंही आज काय ते ठरवून टाकू."

ती गाडीची किल्ली काढत दाराकडे निघाली. दाराशी एक बुटकं बाक होतं. डॉक्टर त्यावर बसले आणि बूट पायात घातले. नाडी बांधली. ती नीट बसली नाही, सोडली. पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. त्यांच्या शेजारून माणसं येत होती, जात होती; सगळ्यांच्या पायांत बूट होते, कुणालाही थांबायचं कारण नव्हतं. सगळ्या दवाखान्यात वाकून नाडीशी झटणारा तेवढा एकच म्हातारा होता.

लेक दार अर्धं उघडून उभी होती. पावसाचा वारा आत येत होता. "बाबा, चला ना," असं म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि तिची नजर वडिलांच्या बोटांवर गेली. नाडीचा फास पडत होता आणि सुटत होता. वडिलांची मान खाली होती. हे चित्र तिने पाहिलेलं होतं. कितीदा पाहिलं होतं! बाकाच्या टोकावरून, वहीतून डोकं वर काढून. फक्त वाकलेला माणूस दर वेळी वेगळा असायचा, आणि वडील उभे असायचे.

तिने दार लोटून घेतलं. चौकटीला खांदा टेकवला. वर्षानुवर्षं दहा दहा मिनिटांत माणसं बसवणारी ती बाई घड्याळाकडे न बघता म्हणाली, "बाबा, आणि काय?"

डॉक्टरांचे हात थांबले.

"काही नाही गं," ते बुटाला म्हणाले. "लघवीतून रक्त जातंय. दुखत नाही."

 ती डॉक्टर होती. न दुखण्याचा अर्थ तिला फोड करून सांगायची गरज नव्हती.

"कधीपासून?"

"आलो तेव्हापासूनच."

"आणि रोज सकाळी मला विचारत होतात, चहा झाला का?" तिचा आवाज फुटला. रागावली होती, रडत होती, दोन्ही एकदम. "आई असती तर तुमची काही धडगत नव्हती."

"म्हणून तर तिच्या वेळी झालं नाही," डॉक्टर म्हणाले, आणि दोघांनाही त्या तशा वेळी हसू फुटलं. हसता हसता त्यांचेही डोळे वाहायला लागले आणि ते त्यांनी पुसले नाहीत. बायको गेली त्यानंतर ते असे कुणाच्या देखत रडले नव्हते.

लेकीने खाली बसून त्यांच्या बुटांना हात घातला. "काढा ते बूट. चला आत."

"अगं, वेळ संपली आपली. एका भेटीत एकच—"

"काढा म्हणते ना!"

काउंटरवरच्या बाईने मान वर केली. पुढची वेळ गुरुवारी आहे, असं तिने सौजन्याने सांगितलं. लेकीने तिला सांगितलं, की गुरुवारपर्यंत थांबण्यासारखं हे नाही, आणि ते अशा आवाजात सांगितलं की बाई खुर्चीतून उठलीच. क्षणभराने चष्मेवाली स्वतः बाहेर आली. तिने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या मोज्यांकडे. पुढच्या पेशंटला म्हणाली, "जरा थांबावं लागेल तुम्हाला." त्या पेशंटने तोंड थेट डॉक्टरांच्या बाकावरच्या माणसांसारखं केलं. डॉक्टरांना फार बरं वाटलं.

आतल्या खोलीच्या दाराशी लेक आपणहून थांबली. नियम तिला माहीत होता. चष्मेवालीनेही दार लावायला हात पुढे केला.

"तिला येऊ द्या," डॉक्टर म्हणाले. "आमच्याकडे सगळं घर आत येतं."

चष्मेवालीने क्षणभर विचार केला आणि दार सोडलं. खोलीत पेशंटसाठी एकच खुर्ची होती. लेक त्या खुर्चीमागे उभी राहिली आणि तिने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला, पडदा सारून आत शिरलेले सगळे नातेवाईक ठेवायचे तसा. चष्मेवालीने कॉम्प्युटरचा पडदा बाजूला वळवला आणि खुर्ची पुढे ओढून त्यांच्या समोर बसली.

"बोला."

डॉक्टरांनी पायांकडे पाहिलं. पायांत फक्त मोजे होते. बांधायला नाडी नव्हती, शोधायला चप्पल नव्हती. त्यांनी मान वर केली, त्या चष्मेवालीच्या डोळ्यांत पाहिलं आणि पहिल्या दिवसापासून सगळं सांगायला सुरुवात केली. खुर्चीत बसून खरं दुखणं सांगणारा पेशंट त्यांना अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होता.